नफ्याची नोंद

शाळेच्या आनंद बाजारात चौथीतील एका मुलीने शेंगदाण्याच्या चिक्कीचे दुकान मांडले. पाच रुपयांस एक याप्रमाणे चाळीस वड्या तासाभरात संपल्या. ‘आज मी काय शिकले?’ या वहीत तिने अभिमानाने लिहिले, “नफा २०० रुपये.”

रात्री आजोबांनी ते वाचले. खोडले काहीच नाही, एवढेच विचारले, “शेंगदाणे, गूळ कोठून आणलेस?”

“आपल्या दुकानातून,” ती म्हणाली आणि थबकली. भाव विचारून तिने १२० रुपये खर्च मांडला. नफा ८० वर आला. मग तिला दोन तास खपून चिक्की करणारी आई आठवली. तिने खाली लिहिले, “आईची मजुरी :” आणि पेन्सिल थांबली.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला होता. विक्रीतून खरेदी वजा करण्याचे सूत्र पुस्तक शिकवते. नोंदीतून काय सुटले, हे प्रत्यक्ष काम दाखवते.

सकाळी तिने १२० रुपये दुकानाच्या गल्ल्यात जमा केले. उरलेले ८० आईच्या हाती ठेवले. वहीतील मजुरीपुढची जागा मात्र तिने कोरीच राहू दिली.