पेटीच्या पोटात

गाणाऱ्याचे नाव पत्रिकेवर ठळक टायपात छापतात, पेटी वाजवणाऱ्याचे त्याखाली बारीक टायपात. पेटी दुरुस्त करणाऱ्याचे नाव कुठे असते? पेटीच्या पोटात! वरचे झाकण काढा, सुरांची फळी उचला, म्हणजे आतल्या लाकडावर शिसपेन्सिलीने घातलेली एखादी तारीख दिसेल आणि तिच्याशेजारी एक अक्षर, कधी उर्दू, कधी देवनागरी. तेवढीच त्या माणसाची सही.

पेटी मूळची परदेशी. पॅरिसच्या अलेक्सांद्र देबँने १८४२ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायभाता काढून हातभात्याची सुटसुटीत पेटी केली, आणि मग ती कीर्तनात, भजनात, नाटकात जी येऊन बसली ती उठलीच नाही. रेडिओने १९४० मध्ये तिला बाहेर घालवले. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. पण नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातल्या रागींनी किंवा लातूरकडच्या भजनी मंडळांनी रेडिओला विचारले होते कुठे?

सूर म्हणजे पितळेची एक जीभ. टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो. एवढे कुणीही सांगेल. पण किती खरवडायची? गेलेले पितळ परत येत नाही. तीन सप्तकांच्या पेटीत एका ओळीला ३७ सूर. खर्ज, नर, मादी अशा तीन ओळी धरल्या तर १११. एवढ्या जिभा एकमेकींशी भांडू नयेत म्हणून जो बसतो, तो आपली विद्या सहजासहजी दुसऱ्याला देत नाही. अमेरिकेत पियानो दुरुस्त करणाऱ्यांचा संघ १९५७ पासून आहे, त्यांचे मासिकही निघते म्हणतात. आमच्याकडे कारागीर गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसतो. याला कोतेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पंचक्रोशीत पेट्या त्या किती आणि त्यावर पोसायची पोटे किती! शेजाऱ्याला शिकवायचे म्हणजे अर्धी भाकरी त्याच्या ताटात वाढायची.

नांदेडला वजिराबादेत असे पाठमोरे बसणारे एक चाचा आहेत. लातूरला गंजगोलाईजवळ एका सुताराचा मुलगा पेट्या दुरुस्त करतो. ऐन विशीत तो चाचांकडे शिकायला गेला होता. चाचांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. मग हा पठ्ठ्या काय करी, तर चाचांच्या हातून गेलेली पेटी दुरुस्तीला आली की भिंग लावून जिभांवरचे ओरखडे वाची. कुठे खरवडले, किती, कोणत्या अंगाने. गुरूने दार लावून घेतले तरी गुरूचे अक्षर पेटीतून बाहेर येतच होते. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले तेव्हा, घरोघरच्या पेट्यांचे लाकूड आटून फटींतून वारा जाऊ लागला. त्या एका उन्हाळ्याने मला दहा वर्षांचे शिकवले, असे तो सांगतो. (मिरजेहून तंबोरे आमच्याकडे आधीपासून येत होते, पाणी येईल असे कुणाला वाटले होते?)

गेल्या वर्षी आमच्या शाळेची पेटी चाचांकडून दुरुस्त होऊन आली. जुने जर्मन सूर तिच्यात. खालचा भाग अमृतासारखा, आणि वरच्या सप्तकातले तीन सूर कडू. मी ती लातूरला नेली. त्याने फळी उचलली, भिंग लावले आणि हातातली पाती खाली ठेवली.

"गुरुजी, हात चाचांचाच आहे," तो म्हणाला, "कान नाही."

बारीक, उंच आवाज चाचांना ऐकू येईनासे झाले होते. त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. कारागिराने असे सांगायचे तरी कुणाला? तीन सूर तिथल्या तिथे नीट करून देणे लातूरच्याला अवघड नव्हते. पैसेही मिळाले असते आणि नांदेडची गिऱ्हाइकेही. त्याने पेटी कापडात बांधली आणि रविवारी आम्ही दोघे अहमदपूरवरून एसटीने नांदेडला गेलो.

तिथे तो फार बोलला नाही. "चाचा, वरच्या सप्तकाला कान माझे, हात तुमचा." चाचा बराच वेळ गप्प होते. मला वाटले, आता चहा येणार आणि आमची पाठवणी होणार. पण म्हातारा सरकला आणि त्याने शेजारी जागा केली. पाठ भिंतीकडे, तोंड आमच्याकडे. हा भाता हलवी आणि "चढा", "अजून उतरा" सांगे. ते पाती फिरवीत. तीन सुरांना दुपार गेली. तिन्ही लागले तेव्हा हा झाकण लावू लागला. चाचांनी त्याचा हात धरला.

"गरम पीतल झूठ बोलता है, बेटा. रात भर रख."

घासून जीभ तापते, तापली की सूर किंचित उतरतो. त्या उतरलेल्या सुरावर लावून उठलात तर सकाळी निवल्यावर तो चढलेला मिळतो. आपल्या पेट्या दुसऱ्या दिवशी का बोंबलतात, हे त्या पोराला इतकी वर्षे उमगले नव्हते. ओरखड्यात उष्णता कशी दिसणार?

आम्ही मुक्काम केला. सकाळी एक सूर खरोखरच केसभर चढलेला निघाला.

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार तो नांदेडला जातो. जीभ फटीवर किती उचलून ठेवायची, म्हणजे ती हलक्या वाऱ्यालाही बोलेल आणि जोराच्या वाऱ्याला गुदमरणार नाही, हे चाचांनी त्याला दाखवले. जुन्या भात्याची घडी कशी सोडवायची तेही दाखवले. लाखेचे प्रमाण मात्र अजून सांगितलेले नाही. विचारले की म्हणतात, "वो अगली बार."