सावलीतील गुलाब

आमच्या वसईतील घराच्या दक्षिणेस लहानसे अंगण आहे. विवाहानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही उभयतांनी तेथे गुलाबाची 12 कलमे लावली. ऑक्टोबरात, जपमाळेच्या महिन्यात, त्यांची छाटणी करावी. दीडेक महिन्यात फुले येत. 8 डिसेंबरला, निष्कलंक मरियेच्या सणाला, आमच्या अंगणातील गुलाब वेदीवर जात. त्या टोपलीचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

पुढे थोरल्याच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी गुलाबांपलीकडे, दक्षिणेकडील कुंपणालगत, आंब्याचे कलम लावले. धाकटीच्या वेळी चिकूचे. दोन्ही वेळा महिना जूनचा होता. त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य माथ्यावर असतो आणि झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच राहते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि भर दुपारीही झाडाच्या उंचीएवढी सावली उत्तरेस पडते, हे आमच्या ध्यानात आले नाही. आम्ही रोपाची उंची पाहिली, वृक्षाची पाहिली नाही.

पंधराएक वर्षांनी गुलाब उंच, किरकोळ होऊ लागले. फुले विरळ झाली, पानांवर काळे ठिपके पडून ती गळू लागली. आम्ही शेणखत वाढवले, पाणी वाढवले. त्यातले बरेचसे आंब्याच्या मुळांनीच ओढून घेतले. एका वर्षी बुडापासून जोमदार फुटवे आले. आम्ही हर्षाने ते जपले. शेजारच्या वाडीतील वृद्ध काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "अहो, हा डोळ्याखालचा रानगुलाब. तुमचा गुलाब मरतोय. त्याला खत नको, सहा तास ऊन हवे."

ऊन आणायचे म्हणजे आंबा तोडायचा. माणूसही ठरवला. त्याच आठवड्यात परदेशातून थोरल्याचा फोन आला. त्याने नेहमीप्रमाणे विचारले, "माझ्या आंब्याला मोहर आला का?" गुलाबांविषयी त्याने कधीच विचारले नव्हते. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला निरोप धाडला: केवळ खालच्या फांद्या उतरवा.

तेवढ्याने गुलाबांचे भागले नाही. पावसाळ्यानंतर उरलेली सात झाडे छाटून, मुळांभोवतीच्या मातीसकट काढून, मोठ्या कुंड्यांतून गच्चीवर नेली. तीन जगली. रिकाम्या वाफ्यात आता नेचे आणि अळू वाढतात.

गेल्या 8 डिसेंबरला टोपलीत पाचच गुलाब होते. ती न्यावी की न न्यावी, असा संकोच आमच्या मनात होता. अखेर नेली. वेदीवर इतर घरांच्या फुलांत आमची पाच कोणती, हे आम्हांलाही ओळखता आले नाही. घरी परतल्यावर आम्ही आंब्याखाली बसून जपमाळ म्हटली. गुलाबांच्या जागी आता आमच्या खुर्च्या असतात.