वाढविलेली अश्वशक्ति

रविवारीं पहाटे चांदणी चौकांतून भूगांव, पिरंगुट, पौड या मार्गानें मुळशीकडे निघणाऱ्या मोटारींत अलीकडे एक निराळी जात दिसूं लागली आहे. बाहेरून पाहतां ती चारचौघींसारखीच; फार तर जमिनीकडे थोडी अधिक झुकलेली. परंतु चालकानें पाय दाबला कीं मागच्या नळींतून जो आवाज उठतो, तो कारखान्यानें दिलेला नव्हे हें घरांतल्या आजीबाईंसहि कळावें. अशा मोटारींच्या एंजिनांची शक्ति मागाहून वाढविलेली असते. हा शर्यतीच्या शौकिनांचा विषय, त्याची चर्चा कुटुंबाच्या मासिकांत कशास, असें कोणी म्हणेल. पण ज्या घरांत एक कमावता तरुण आहे आणि दारांत टर्बोची एखादी मोटार उभी आहे, त्या घरीं हा प्रश्न आज ना उद्यां जेवणाच्या पंक्तीला यावयाचाच. आमच्या घरीं तो आला आणि चांगलीं तीन वर्षें मुक्काम करून राहिला.

प्रश्न काढला आमच्या पुतण्यानें. मोटार त्याची, त्याच्या पगारांतून घेतलेली. पण एकत्र कुटुंबांत कोणती वस्तु एकट्याची असते? हीच मोटार आठवड्याचे पांच दिवस त्याला कचेरींत नेई आणि महिन्यांतून एकदां आमच्या वडिलांस डॉक्टरांकडे. त्याचें म्हणणें असें कीं, कंपनीनें एंजिनांत शक्ति मुद्दाम कोंडून ठेविलेली असते, संगणकाच्या आज्ञा बदलल्या कीं ती मोकळी होते, आणि "काका, एक खिळासुद्धां हलवायचा नाहीं." त्याच्या आईचा आक्षेप एका वाक्याचा होता. "फुकट मिळतंय, तर कंपनीनं आधींच कां दिलं नाहीं?" पुढें या विषयावर आम्हीं पुष्कळ वाचलें, कारागिरांशींहि बोललों, पण याहून नेमका प्रश्न आम्हांस कोठें आढळला नाहीं.

टर्बोच्या एंजिनांत बाहेर जाणाऱ्या तप्त धुरानें एक लहानसें चाक फिरतें. तें मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें, आणि त्याच दांड्यावरचें दुसरें चाक बाहेरची हवा दाबून एंजिनांत कोंबतें. हवा जितकी अधिक, तितकें पेट्रोल अधिक जाळतां येतें. किती दाब द्यावयाचा, ठिणगी कोणत्या क्षणीं पाडावयाची, हें संगणक ठरवितो. ‘रीमॅप’ म्हणजे या संगणकाच्या आज्ञा बदलणें. टर्बोच्या मोटारींत एवढ्यानेंच शक्ति शेंकडा वीस-तीस वाढूं शकते. बिनटर्बोच्या एंजिनांत मात्र ही वाढ नांवापुरतीच असते. म्हणजे पुतण्याचें म्हणणें खोटें नव्हतें. खिळा खरोखरच हलत नाहीं. पण न हललेल्या त्या प्रत्येक खिळ्यावरचा भार वाढतो. शिवाय पेट्रोलच्या शक्तीपैकीं चाकांपर्यंत पोंचतो तो साधारणपणें एक तृतीयांशाहूनहि कमी भाग. बाकीची सारी उष्णता होऊन पाणी, ऑईल आणि धूर यांच्या वाटेनें बाहेर जाते. चाकांची शक्ति वाढविली कीं ही उष्णताहि वाढते, आणि रेडिएटर मात्र जुनाच राहतो. २००५ सालीं बुगाटी कंपनीनें वेरॉन नांवाची १००१ अश्वशक्तीची मोटार विकावयास काढली, तेव्हां तिला दहा रेडिएटर बसवावे लागले होते. शक्ति वाढविणें हें तिच्या कारागिरांचें अर्धेंच काम; उरलेलें अर्धें ती उष्णता घालविण्याचें.

आतां वहिनींच्या प्रश्नाकडे वळूं. कंपनी शक्ति राखून ठेवते हें खरें, पण ती लबाडीनें नव्हे. तिला आपलें एंजिन राजस्थानच्या उन्हाळ्यांत चालवावयाचें असतें आणि लडाखच्या विरळ हवेंतहि. भेसळीच्या पेट्रोलवर, आणि ऑईल बदलण्याचा दिवस विसरणाऱ्या मालकाच्या हातींहि. यंत्रांतला प्रत्येक भाग हुबेहूब सारखा उतरत नाहीं, त्याचीहि तजवीज ठेवावी लागते. आमच्या जवळच्या चाकणच्या कारखान्यांत २०२२ पर्यंत फोक्सवॅगनची पोलो तयार होत असे. २०१३ सालीं तिचें जीटी टीएसआय हें रूप आलें. त्यांतील बाराशें सीसीच्या छोट्या एंजिनाची शक्ति १०५ अश्वशक्ति होती. त्याच जातीचें एंजिन यूरोपांत त्याहून कमी शक्तीचेंहि विकलें जाई. असे आंकडे पाहून तरुणांस वाटतें कीं, हा सारा लेखणीचा खेळ आहे.

पण याच घराण्यांतलें दुसरें उदाहरण पाहण्यासारखें आहे. पोलोचेंच जीटीआय हें अधिक वेगवान भावंड २०१६ सालीं हिंदुस्थानांत आलें. त्याच्या अठराशें सीसीच्या एंजिनाचा पिळाचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात तो, परदेशांत हातानें गिअर बदलण्याच्या मोटारींत ३२० न्यूटन-मीटर होता. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींत मात्र २५०. एंजिन एकच! फरक एवढाच कीं, त्या सात गिअरांच्या कोरड्या क्लचच्या पेटीची मर्यादाच २५० ची होती. कारखान्यानें स्वतःच्या एंजिनाचा लगाम गिअरबॉक्सचा वकूब पाहून खेंचला. वहिनींना हवें असलेलें उत्तर तें हेंच. मोटारीची शक्ति एंजिन ठरवीत नाहीं. एंजिनापासून चाकापर्यंतच्या सांखळींतली सर्वांत अशक्त कडी ठरविते. शक्ति वाढवून देणारा दुकानदार वाढलेला आंकडा यंत्रावर मोजून दाखवितो. त्या अशक्त कडीची मर्यादा किती, हें मात्र गिऱ्हाइकानें विचारल्यावांचून सांगितल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं.

ही कडी कोठें तुटते हें मुळशीचा रस्ता चांगलें शिकवितो. पुण्याहून जातांना धरणाच्या कांठाकांठानें ताम्हिणीपर्यंत मोटारीला फारसे कष्ट पडत नाहींत. खरी परीक्षा परततांना, विळ्याकडून घाट चढतांना. आळसानें वरचाच गिअर ठेवून, एंजिनाचे फेरे कमी असतांना पाय पुरा दाबला, तर वाढविलेला टर्बो त्या मंद फेऱ्यांतच पुरा दाब देतो. आणि थेट आंत पेट्रोल फवारणाऱ्या लहान एंजिनांत ठिणगी पडण्यापूर्वींच आंतला वायु भडकण्याचा संभव असतो. हा हातोडा पिस्टनच्या माथ्यावर बसतो. एका घावांत पिस्टनची कड फुटल्याचीं उदाहरणें कारागीर सांगतात. त्यांत पुन्हां आपल्याकडचें साधें पेट्रोल बरींच वर्षें ९१ ऑक्टेनचें होतें, आणि संगणकाच्या तयार आज्ञा बहुधा यूरोपांतल्या ९५ च्या किंवा त्याहून उंची पेट्रोलसाठीं लिहिलेल्या. २०२३ पासून शेंकडा वीस इथेनॉलचें पेट्रोल येऊं लागलें. इथेनॉलनें ऑक्टेन वाढतें. पण त्याच्यांत जोर कमी असल्यानें तितक्याच कामाला तें अधिक फवारावें लागतें, आणि आधींच दमलेल्या पंपाला हें नवें ओझें होतें.

पावसाळ्याचा धोका याहून साधा आहे. अधिक हवा मिळावी म्हणून कित्येक जण कारखान्याची हवेची पेटी काढून उघडा फिल्टर खालच्या बाजूस, बंपरच्या आड बसवितात. मुळशीचा पाऊस कसा असतो हें ज्यांनीं आषाढांत पाहिलें आहे, त्यांस पुढचें सांगावयास नको. रस्त्यावरचें गुडघाभर पाणी त्या फिल्टरनें ओढलें कीं एंजिनांत हवेच्या जागीं पाणी शिरतें. पाणी दबत नाहीं. वांकतो तो कनेक्टिंग रॉड.

शक्ति कोठून येते आणि तिची किंमत कोण देतो, हा प्रश्न या तालुक्याला नवा नाहीं म्हणा. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांनीं येथें धरण बांधावयास घेतलें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला. धरण झालेंच, गांवें पाण्याखालीं गेलीं, आणि पाणी सह्याद्रि उतरून भिऱ्याच्या जनित्रांवर पडूं लागलें. असो, हें विषयांतर झालें.

शक्ति वाढविलेली प्रत्येक मोटार लवकर मोडतेच, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. टोयोटाच्या जुन्या सुप्राचें बिडाच्या ठोकळ्याचें सहा सिलिंडरांचें एंजिन दुप्पट शक्ति सोसतें, अशी त्याची जगभर ख्याति आहे. उलट टोंक पाहावयाचें तर १९८६ च्या सुमाराच्या फॉर्म्युला वन शर्यती पाहाव्या. केवळ दीड लिटरच्या टर्बो एंजिनांतून हजाराहून अधिक अश्वशक्ति काढीत, पण क्रम ठरविणाऱ्या फेरीचें एंजिन थोड्या फेऱ्यांतच निकामी होई आणि शर्यतीला दुसरें बसवीत. आमच्या मतें खरा हिशेब आंकड्याचा नसून मिनिटांचा आहे. पुण्याच्या गर्दींत वाढीव शक्तीचा उपयोग महिन्यांतून किती मिनिटें होतो? जो तेवढाच करतो, ऑईल वेळेपूर्वीं बदलतो आणि घाट चढून आल्यावर मक्याच्या कणसासाठीं थांबतांना एंजिन मिनिटभर मंद चालूं देऊन मग बंद करतो, त्याची मोटार वर्षानुवर्षें टिकेल. अडचण ही कीं, इतका संयमी मनुष्य मुळांत शक्ति वाढवावयास जातच नाहीं.

आमच्या पुतण्यानें ती वाढविली. पहिलें वर्ष आनंदांत गेलें; आमचे वडील तेवढे मागच्या आसनावरून "अरे, जरा सावकाश" म्हणत. दुसऱ्या पावसाळ्यांत माणगांवाहून परततांना घाटाच्या मध्यावर एंजिनाच्या फेऱ्यांचा कांटा वर जाऊं लागला, आणि मोटार मात्र चढेना. क्लच घसरत होता. गाडी ओढून पौडला आणावी लागली. एंजिनाला कांहींहि झालेलें नव्हतें, हें त्यानें पुढें कित्येकदां सांगितलें. हमी नाकारली गेली, आणि दुरुस्तीला त्याचा तीन महिन्यांचा पगार लागला. त्या तीन महिन्यांत वडिलांचें डॉक्टरांकडे जाणें भाड्याच्या गाडीनें झालें.

घरांतला खरा वाद त्यानंतरचा. मोटार विकावयाची ठरली, तेव्हां मित्रांनीं त्याला सल्ला दिला कीं, संगणकांत मूळच्या आज्ञा परत भराव्या. मग घेणाराला कांहीं दिसावयाचें नाहीं. हें शक्य होतें, नव्हे, हाच या व्यवसायाचा रिवाज आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत असा बदल करण्यास मनाई करतें, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि निर्मात्यानें दिलेल्या तपशिलाविरुद्ध वाहन बदलतां येत नाहीं असा निर्णय दिला. पण आंतल्या आज्ञा परत फिरल्या कीं रस्त्यावरचा शिपाई काय पाहणार? आणि त्या आज्ञा फिरल्यानें दोन वर्षें अधिक दाब सोसलेला टर्बो, पिस्टनचीं कडीं, गिअरांचे दांते थोडेच नवे होतात? आमचे बंधु म्हणाले, "विचारलं तर सांगावं." वहिनी म्हणाल्या, "विचारायचं हें ज्याला ठाऊकच नाहीं, तो काय विचारणार?"

अखेर पुतण्यानें एका कागदावर सगळें लिहिलें: शक्ति केव्हां वाढविली, किती वाढविली, किती किलोमीटर तशी चालविली, क्लच केव्हां बदलला. पहिल्या तीन गिऱ्हाइकांनीं तो कागद वाचून चहा घेतला आणि निरोप घेतला. चौथे पिरंगुटचे एक गृहस्थ आले. त्यांनीं कागद दोनदां वाचला, खिशांत घातला, किंमत बरीच खालीं आणली आणि विचारलें, "माझी आई पुढच्या सीटवर बसते. चालेल ना?" पुतण्यानें त्यांना ऑईल कितीदां बदलावें तें सांगितलें, आणि घाटांत गिअर खालचा ठेवा, असेंहि बजावलें.