पीएचडीचा खर्च



एम.फार्म. होऊन मला चौदा वर्षं झाली. चाकणला एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. धाकट्याच्या वेळी नोकरी सोडली. आता तो पाचवीत गेलाय आणि मला पीएचडी करायची आहे.

सासरे एचएमध्ये, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीत पेनिसिलिन तर बनलंच, पण हॅमायसिन हे बुरशीवरचं औषधही इथेच सापडलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याच्या शास्त्रीय नावात 'पिंप्रिना' आहे. सासरे हे अभिमानाने सांगायचे, तेव्हापासून संशोधनाची इच्छा मनात आहे.

हे म्हणाले, "आधी खर्च मांड." मांडला. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये. नाही मिळाली तर फी, रसायनं, नमुन्यांच्या तपासण्या, बरंचसं घरातूनच. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. म्हणजे धाकट्याची दहावी माझ्या थिसिसमध्येच येऊ शकते.

सासूबाईंनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "यात उंदीर मारावे लागतील का गं?"

मी गप्प झाले. ज्या सरांकडे जागा होती, त्यांचा विषय मधुमेहावरच्या औषधाचा. उंदरांना आधी मधुमेह करायचा, मग औषध द्यायचं, शेवटी त्यांना मारून अवयव तपासायचे. त्याला समितीची परवानगी लागते आणि ती मिळतेही. पण मंदिरात उभी राहिल्यावर समिती माझ्याबरोबर नसते.

आपल्याकडे चार दानं सांगितली आहेत: आहार, औषध, ज्ञान आणि अभय. औषधासाठी अभय मोडायचं का? सासूबाईंची थायरॉईडची गोळी मीच रोज त्यांच्या हातावर ठेवते. आपण घेतो ती औषधंही कधीतरी प्राण्यांवर तपासलेली असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते काम करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. फक्त माझ्या हातून ते होणार नाही, एवढं ठरलं.

सरांना नम्रपणे नाही म्हटलं. औषधातली अशुद्धी शोधण्याच्या पद्धतींवर काम करणाऱ्या मॅडमकडे पुढच्या वर्षी जागा होईल. एक वर्ष जाईल, वयही वाढेल. तो खर्च मी कागदावर शेवटच्या ओळीत लिहिला आणि ह्यांना दाखवला. ते म्हणाले, "चालेल."

तुमच्यापैकी कुणी, किंवा कुणाची लेक-सून या वाटेवर असेल, तर गाईडना पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा. विषयात प्राणी आहेत का? तपासण्यांचा खर्च कोण करणार? आणि लॅबमधून सूर्यास्ताआधी जेवायला घरी पोहोचता येईल का? तिसरा प्रश्न विचारताना मला संकोच वाटला होता. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "डबा लॅबच्या बाहेर खा, म्हणजे झालं."