देव्हाऱ्यातील दूरचा पाहुणा

गतवर्षी सौंसर येथील आमचे वडिलोपार्जित घर रिकामे करण्याचा प्रसंग आला. भांडीकुंडी वाटून झाली, राहिला देव्हारा. त्यात गणपतीच्या शेजारी सुपारीहून किंचित मोठी अशी एक लाकडी मूर्ती होती. हसरा चेहरा, हातात मोगरी, खांद्यावर पोते आणि पायाशी उंदीर. आजोबांनी ती मुंबईच्या बाजारातून आणलेली. उंदीर पाहून आजीने तिला गणेशाचेच रूप मानले व जन्मभर हळदकुंकू वाहिले.

नागपूरच्या एका संग्राहक स्नेह्यांनी ती हाती घेताच उलटी केली. पाठीवर दोन भोके होती. आम्ही ती किडीची समजत असू. "हे जपानी नेत्सुके," ते म्हणाले. किमोनोच्या कमरेला खिसा नसे. म्हणून बटवा किंवा औषधाची डबी दोरीने कमरपट्ट्याला टांगीत, आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकास असे कोरीव अडकण ओवीत. १८६८ नंतर, मेइजी काळात, पाश्चात्त्य पोशाख व त्याबरोबर खिसे आले. नेत्सुके निरुपयोगी ठरली आणि परदेशी संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसली.

मूर्ती दाइकोकूची निघाली. दाइकोकू म्हणजे मूळचा आपला महाकाल! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तो जपानात गेला, उग्रपणा टाकून तांदळाच्या पोत्यांवर विराजमान झाला आणि धनधान्याचा दाता ठरला. आजीचा देव चुकला असेल. भाव मात्र चुकला नव्हता.

स्नेह्यांनी सांगितलेली किंमत ऐकून आम्ही भावंडे, खरे सांगावयाचे तर, मोहात पडलो. कुंकवाचा थर काढला पाहिजे, असे ठरले. ओल्या कापसाचा पहिला हात फिरला आणि खालचे कपाळ दिसले. तेथील कोरीव रेषा पुसट होऊन लाकूड गुळगुळीत झाले होते, बरोबर एका बोटाएवढे. स्नेही क्षणभर स्तब्ध राहिले. मग म्हणाले, "हाताळून आलेली अशी झीज जाणकार दोष मानीत नाहीत, तिचीच कदर करतात."

कापूस आम्ही खाली ठेवला. वाटणीच्या कागदावर मूर्तीपुढे किंमत न लिहिता 'अविभक्त' एवढेच लिहिले. ती दरसाल एकेका भावंडाकडे असते. यंदा पांढुर्ण्यास आमच्या घरी आहे. पुसले गेलेले कुंकू परत आणता येत नाही. पण त्याच जागी, त्याच बोटाने, रोज नवे लावता येते.