गायकी

आमच्या नांदगाव खंडेश्वरकडे गावची ढोरं चारणाऱ्या माणसाला गायकी म्हणतात. सकाळी तो हाळी देत गावातून फिरतो, दावणीची ढोरं सुटतात, आखरावर जमतात आणि तिथून रानात जातात. मी पुण्याला नोकरीला लागलो तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, "तुला कुणाची गायकी आवडते?" तर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गावचा गायकीच उभा राहिला. खांद्यावर काठी, डोक्याला दुपट्टा, गालात खर्रा. त्याला भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर असं काहीतरी ऐकायचं होतं, हे मला मागून समजलं.

त्याच सहकाऱ्याने मला पहिल्यांदा सिंफनी ऐकवली. साल २०१४, मे महिना. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर गारपीट झाली होती, ती वाचकांना आठवत असेल. आमच्याही शेतावर झाली. मी सुटी काढून घरी गेलो होतो. हरभरा सोंगून वावरात गंज्या लावलेल्या, गहू ओंबीत भरलेला. दुपारी चारच्या सुमारास यवतमाळकडच्या बाजूने आभाळ काळंनिळं होऊन आलं. बाबा धुऱ्यावर उभे होते. म्हणाले, "हे आभाय पाण्याचं नोहे." एवढं बोलून ते घराकडे नाही, कोठ्याकडे पळाले.

मग जे सुरू झालं त्याचा आवाज मी अजून सांगू शकत नाही. कोठ्यावर टिनं होती. पहिल्या चार-दोन गारा कुणी खडे मारावेत तशा पडल्या, आणि नंतर वेगवेगळे आवाज राहिलेच नाहीत, सगळा मिळून एकच आवाज झाला. बाबा बैलांच्या मधे उभे राहून त्यांच्या पाठीवर बारदाना टाकत होते आणि काहीतरी ओरडत होते. त्यांचं तोंड हलताना दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हता. वीस मिनिटं असतील. थांबलं तेव्हा वावर पांढरं झालं होतं. निंबाखाली पोपट मरून पडले होते, हिरव्या पानांचा सडा आणि त्यातच हिरवे पोपट. माय एकेक उचलून टोपल्यात टाकत होती. हरभऱ्याचं काय झालं ते सांगत बसत नाही. पंचनामे झाले, पुढचं सर्वांना माहीत आहे.

तर मे महिन्यात पुण्याच्या खोलीवर हा गडी मला म्हणतो, "तू शेतकऱ्याचा मुलगा ना? हे ऐक. हे खेड्यावर आहे." आणि त्याने कानांवर हेडफोन चढवले. बेथोवेनची सहावी सिंफनी होती, तिला 'पास्टोरल' म्हणतात, म्हणजे रानावनातली, गुराख्यांची. व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ ला ती पहिल्यांदा वाजली. सिंफनीत सहसा गाणारा नसतो (बेथोवेनची नववी सोडा), साथीला तबला नसतो. पन्नास-साठ वाजवणारे मिळून एकच गोष्ट सांगतात. या सिंफनीचे पाच भाग आहेत आणि प्रत्येकाला बेथोवेनने स्वतः नाव दिलं आहे. पहिला गावी पोचल्याचा आनंद, दुसरा ओढ्याकाठचा, तिसरा गावकऱ्यांच्या नाचगाण्याचा, चौथा वादळाचा, आणि पाचवा वादळानंतर गुराख्याच्या गाण्याचा.

खरं सांगतो, पहिले दोन भाग मला कंटाळवाणे वाटले. शहरातून हवा खायला आलेल्या पाव्हण्याचं खेडं ते. दुसऱ्याच्या शेवटी तीन पक्षी बोलतात. बासरीवर तिकडचा नाइटिंगेल, ओबोवर लावा आणि क्लॅरिनेटवर कुक्कू, म्हणजे आपल्याकडे मृगाच्या तोंडावर 'पेरते व्हा' म्हणत हिंडणाऱ्या पावशाचा भाऊबंद. तिसरा मात्र आवडला. त्यात बसून नावाचं एक जाड आवाजाचं वाद्य आहे, ते वाजवणाऱ्याला मोजकेच दोन-तीन स्वर दिलेत. बाकीचे झोकात वाजवतात आणि हा मधूनच आपले तेवढे स्वर काढून गप्प बसतो. आमच्याकडच्या लग्नात डफड्याच्या ताफ्यात असा एक जण हमखास असतो. मला हसू आलं.

आणि त्या हसण्यातच वादळ आलं.

नाच पुरा होतच नाही. मधेच तुटतो आणि खालून घरघर सुरू होते, दूरच्या आभाळासारखी. त्यावर व्हायोलिनचे बारीक तुटक स्वर, पहिले थेंब. मग नगाऱ्यासारखं टिंपनी वाजतं. आधीच्या तीन भागांत ते एकदाही वाजलेलं नसतं, म्हणून अंगावर येतं. पुढे मी मुद्दाम समजून घेतलं, त्या गडगडाटात सेलोवाले पाच स्वर वाजवतात तेवढ्याच वेळात जाड बासवाले चार वाजवतात. म्हणजे हिशेब जुळूच द्यायचा नाही. एकेक स्वर वेगळा ऐकूच येत नाही, सगळा मिळून एकच आवाज होतो. मी हे कोठ्यात उभं राहून ऐकलं होतं. माझे हात गार पडले. दोनशे वर्षांआधीच्या परमुलखातल्या माणसाला टिनावरचा तो आवाज कसा ठाऊक, हेच मला कळेना. बाबांचं हलणारं तोंड दिसत होतं.

वादळ चारेक मिनिटांत ओसरतं आणि न थांबता गुराख्याचं गाणं लागतं. आधी क्लॅरिनेट, मग हॉर्न. बेथोवेनने त्या भागाच्या नावातच लिहिलं आहे की ही वादळानंतरची आनंदाची आणि कृतज्ञतेची भावना आहे. सहकाऱ्याने ते मोठ्या कौतुकाने सांगितलं.

मी हेडफोन काढून गादीवर आपटले. "कशाची कृतज्ञता रे? कोणाचे आभार मानून राह्यला हा?" रागात मी वऱ्हाडीवर येतो. तो बिचारा बघतच राहिला. मला वाटलं होतं, या माणसाला सगळं समजलं आहे. पण त्याच्या वादळात कोणाची गंजी भिजत नाही, निंबाखाली पोपट पडत नाहीत, त्याला आभार मानायला काय जातं! तीन-चार वर्षं मी ती सिंफनी चौथ्या भागापर्यंतच ऐकायचो. वादळ संपलं की बंद.

मग बेथोवेनच्या एका पत्राबद्दल वाचलं. १८०२ मध्ये, बत्तीस वर्षांचा होण्याआधीच, त्याने हायलिगेनश्टाट या खेड्यातून आपल्या भावांना ते लिहिलं आणि कधी पाठवलंच नाही. १८२७ मध्ये तो वारल्यावर कागदांत सापडलं. तोवर त्याचे कान जायला लागले होते. शेजारी उभ्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते, गुराख्याचं गाणं ऐकू येतं आणि मला काहीच नाही, असं त्यात आहे. जीव द्यावासा वाटला, असंही आहे. सहा वर्षांनी त्याने सिंफनीच्या शेवटी वाजवलं ते काय, तर गुराख्याचं गाणं. ती सुरुवातीची धूनही आल्प्समधले गुराखी गाई बोलवायला वाजवत त्या हाकेच्या धाटणीची आहे.

म्हणजे तीही हाळीच.

आणि तेव्हा मला गारपिटीचा दुसरा दिवस आठवला, जो मी इतकी वर्षं आठवलाच नव्हता. रात्री कोणी जेवलं नव्हतं. सकाळी मी ओसरीवर पडून होतो, उठून वावर पाहायची हिंमत नव्हती. आणि नेहमीच्या वेळेला गायक्याची हाळी आली. तीच, रोजची. मला संताप आला होता, याला काही दिसत नाही का म्हणून. पण बाबा उठले, दावं सोडलं, गायीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गायक्याला म्हणाले, "ढोरं वाचले नं बाप्पा." तो म्हणाला, "वाचले." दोघं जरा उभे राहिले आणि तो पुढच्या घराकडे गेला. यात आनंद कुठेच नव्हता. पण बाबांचा तो स्वर मला तेव्हा ऐकू आला नव्हता, एवढं खरं.

गेल्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा पोरीच्या हट्टाने सोबत एक छोटा स्पीकर नेला होता. दुपार कलल्यावर ओसरीवर बाबा बाजेवर पडले होते. मी सिंफनी लावली, कशावर आहे ते सांगितलं नाही.

"हे काय लावून राह्यला? लग्नाचा बँड व्हय का?"

"ऐका तं खरं, बाबा."

ओढ्याकाठी पोचेस्तोवर त्यांना झोप लागली. पक्षी बोलून गेले, नाच झाला, ते घोरत होते. टिंपनी वाजली तसे एकदम उठून बसले आणि अंगणापलीकडे आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी स्पीकरकडे बोट दाखवलं. "हट्" म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. पण डोळे उघडेच होते.

वादळ ओसरलं. क्लॅरिनेट, मग हॉर्न.

"ढोरं आले काय रे?" बाबांनी विचारलं.

मी सांगणार होतो की बाबा, हे यातलंच आहे. तेवढ्यात माय कोठ्यातून ओरडली, "अवं, गाय आली नं, फाटक उघडा कोणी!" बाबा चपला शोधत उठले. मी स्पीकर तसाच वाजत ठेवला आणि फाटक उघडायला गेलो.