औषध

“काय झालं?”

“औषध पेली, बाई.”

एमबीबीएस होऊन बाँडचं वर्ष काढायला मी पुण्याहून विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयात गेले होते. पहिलाच आठवडा. केसपेपरवरून मान वर न करता विचारलं, “कोणतं? कशासाठी चालू होतं?” स्ट्रेचरवरच्या बाईशेजारी उभा असलेला तिचा दीर गप्प. सिस्टर हातमोजे चढवत म्हणाल्या, “मॅडम, फवारणीचं.”

खतं, बियाणं, औषधं. कृषी केंद्राच्या पाटीवर हे तिन्ही शब्द एका ओळीत असतात. कपाशीवर अळी पडली की औषध मारायचं. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर ते औषधच. अळीच्या बाजूनं कोण पाहतो? वर्तमानपत्रं याच्याही पुढे जातात. ‘विषारी औषध प्राशन करून’ असं छापतात. प्राशन! तीर्थाच्या पंगतीतला शब्द. वर्षानुवर्षं तो सकाळच्या चहाबरोबर वाचला जातो आणि कुणाच्या दाताखाली खडा येत नाही.

वॉर्डात मात्र सरळ ‘पॉइझन आलंय’ म्हणतात. नातेवाईक आधी म्हणतात, चुकून पोटात गेलं. पोलिसांची भीती. खरं तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं ठरवलं आहे; शिक्षा नाही, उलट उपचार ही सरकारची जबाबदारी. पण कायदा गावात पोचायला एसटीपेक्षा जास्त वेळ लागतो. कुणी घरी मीठपाणी पाजून उलट्या काढून आणतं. ते करू नये, दवाखाना गाठावा आणि डबा सोबत आणावा, हे मी त्या वर्षात किती वेळा बोलले असेन. डब्यावरचं नाव कळलं की आमचा हात योग्य दिशेला जातो.

त्या बाईच्या दिरानं डबा आणला होता, भाजीच्या पिशवीतून. विषावरचा उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन सुरू केलं. दर काही मिनिटांनी नाडी, छातीतली घरघर, बाहुल्या. अ‍ॅट्रोपीन जास्त चढलं की माणूस बरळतो, हवेतून काहीबाही चिमटीत पकडत राहतो. पुस्तकात हे वाचलं होतं. पण ही बाई चादरीवरून काहीतरी उचलायची आणि पोटाशी नेऊन ठेवायची. उचलायची, ठेवायची. चांगल्या जलद हातानं. दोन रात्री मला ते नुसतं लक्षण वाटलं. तिसऱ्या पहाटे झाडू मारणाऱ्या मावशी थबकून म्हणाल्या, “कापूस येचून राह्यली ना ते. ओटीत टाकते.”

अशाच विषाबाबत श्रीलंकेत काय झालं, ते मी पुढे वाचलं. १९९५च्या सुमारास तिथला आत्महत्यांचा दर जगातल्या सर्वांत वरच्या दरांत होता, लाखामागे ४७च्या आसपास. विष प्यायलेल्या रुग्णांशी तिथे डॉक्टर बोलले, तेव्हा कळलं की निम्म्याहून अधिक जणांचा विचार अर्ध्या तासाच्याही आतला होता. म्हणजे मरण ठरवून आलेलं नव्हतं. एक वाईट अर्धा तास आला होता. मग कीटकनाशकं ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या द्याव्यात, ही कल्पना मलाही पटली असती. अनुराधपुर भागातल्या १८० गावांत तिची चाचणीही घेतली. फरक पडला नाही. फरक पडला तो अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातूनच काढल्यानं. वीस वर्षांत दर साधारण सत्तर टक्क्यांनी खाली आला, आणि भाताचं पीक काही बुडालं नाही. माणसांची दुःखं तीच होती. नवरे, कर्जं, पाऊस, सगळं तेच. फक्त तो अर्धा तास जिवंत राहून पार करता आला.

आपल्याकडे २०२२मध्ये १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यांतल्या साधारण एक चतुर्थांश विषानं. आपण यावर बोलतो ते कर्जमाफीच्या तोंडानं. कर्जाबद्दल बोलायलाच हवं. पण डब्यात काय भरून विकायचं हे कागदावर ठरतं, आणि तो कागद कुणीतरी सही करून काढतो, हे आपल्या बोलण्यात येत नाही.

अशा विषानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही जास्त भितो. बोलायला लागलेल्या माणसाचे मानेचे स्नायू अचानक ढिले पडतात, आणि पाठोपाठ श्वासाचे. म्हणून राउंडला एकच गोष्ट सांगायची, “उशीवरून मान उचला पाहू.” तिनं उचलली. मी आकडे मोजत राहिले, तिनं धरून ठेवली.

“काऊन केलं?” सिस्टरनी विचारलं. असं विचारायचं नसतं म्हणतात, पण त्या तिच्याच बाजूच्या गावातल्या.

“राग आलता.” थोड्या वेळानं म्हणाली, “घशाखाली गेलं तव्हाच समजलं, चुकलं म्हनून.”

मग तिनं येचणी कुठवर आली ते दिराला विचारलं. पाऊस येईल का, हेही.

सुट्टीच्या कागदावर हल्ली मी खाली १४४१६ लिहिते. टेलि-मानस, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. तेव्हा हा नंबर नव्हता. मानसोपचाराच्या ओपीडीचा वार लिहून दिला, कागद तिच्या हातात ठेवला आणि सवयीनं तोंडावर आलं, औषध वेळेवर घ्या.

“गोळ्या,” मी म्हटलं. “गोळ्या वेळेवर घ्या.”